सात नंबरचा माल

माझी धाकटी जाऊ बकुळा हिच्याइतकी खडूस बाई अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत दुसरी सापडायची नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगते, तेव्हा तुम्हाला सांगायला काही हरकत नाही.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला. माझे मालक शिवराम हे थोरले, आणि धर्मांतरानंतर जन्मलेला म्हणून धाकट्याचं नाव राजरत्न. राजरत्नची बायको ती बकुळा. घरात मी थोरली. चहा कधी टाकायचा इथपासून पाहुण्याला कोणती गादी द्यायची इथपर्यंत माझा शब्द चालतो. पण सकाळी साडेनऊला आम्ही दोघी उल्हासनगरच्या कॅम्प तीनला हरेशसेठच्या जीन्सच्या कारखान्यात शिरलो, की सगळं उलटं. तिथे मी शिलाईच्या मशीनवर आणि ती चेकिंगच्या टेबलावर. मी शिवायचं आणि तिने चुका काढायच्या.

"अक्का, हे जरा उसवा," ती म्हणायची. माझा मान ठेवून, अगदी गोड आवाजात. आणि अख्खं बंडल माझ्या पुढ्यात. मी चिडून म्हणायचे, "घरी ये, भाकरीला काठ नीट नाही म्हणून मीपण परत टाकते." ती हसायची नाही. टेबलावर असताना ती कधीच हसायची नाही.

आमच्या कारखान्याची एक पद्धत होती. पास झालेल्या प्रत्येक पँटीला आतल्या बाजूने चेकरच्या नंबरचा गोल पिवळा स्टिकर लागायचा. बकुळेचा नंबर सात, कारण पहिल्या दिवशी सेठने स्टिकरची तीच रीळ तिच्या हातात दिली. व्यापाऱ्याकडून माल परत आला तर स्टिकर बघायचा आणि त्या चेकरला सगळ्यांसमोर विचारायचं. सात नंबरचा माल कधीही परत आला नव्हता. सेठ पॅकिंगवाल्यांना सांगायचा, "बकुळाबाई का माल है, आँख बंद करके भरो." ते ऐकलं की तिची मान दोन बोटं वर जायची.

आणखी एक पद्धत. शिवून झालेली पँट पुठ्ठ्यासारखी कडक असते. ती धुलाईला जाते, मोठ्या यंत्रात दगडांबरोबर घुसळून निघते. शिलाई कुठे कच्ची असली तर ती धुलाईतच उघडी पडते. म्हणून शेवटचं चेकिंग धुलाईनंतर. घाईच्या दिवसांत दुसऱ्या चेकर बिनधुलाईच्या मालालाही डोळेझाक करून स्टिकर लावायच्या. बकुळा नाही. सेठने हात जोडले तरी नाही.

दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात बकुळेच्या डाव्या छातीत गाठ निघाली. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची. गाठ तिची तिनेच शोधली, अंघोळ करताना. चुका शोधणारी बोटं ती, त्यांना कशी चुकेल! मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. घरात रडारड झाली ती सांगत बसत नाही. सगळ्यांत जास्त मी रडले एवढंच सांगते, कारण मला वाटलं होतं की आता मला शिव्या घालायला माणूसच उरणार नाही.

पण नशीब बघा. गाठ सुपारीएवढी, लवकर सापडलेली. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. म्हणाल्या, सगळी छाती काढायची गरज नाही, गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढू, काखेतल्या गाठीही तपासू. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी बकुळा घरी येऊन माझ्या चहात साखर जास्त पडते असं म्हणाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. तिची मुलगी अस्मिता बारावीला, तिने इंग्रजी वाचून दाखवलं. काखेत काही पसरलेलं नाही. गाठीबरोबर भोवतीचं जे चांगलं मांस काढलं, ते सगळ्यांत कमी ठिकाणी तीन मिलिमीटर.

"तीन मिलिमीटर म्हणजे किती?" बकुळेने विचारलं.

अस्मिताने पट्टी आणली. बकुळेने स्वतःची टेप काढली. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं आणि तिचा चेहरा चेकिंगच्या टेबलावरचा झाला.

"एक सूत?" ती ओरडली. आठ सुतांचा इंच होतो हे आम्हा शिवणाऱ्यांना झोपेतही माहीत असतं. "पँटीच्या बाजूला आपण चार सूत कापड सोडतो, आणि ह्या बाईंनी माझ्या गाठीभोवती एक सूत सोडलं? अक्का, काठाला लागून शिलाई मारली तर काय होतं?"

"उसवते," मी म्हणाले. खोटं कसं बोलू?

"मग? माल परत येणार!"

सासूबाई गयाबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ते शरीर आहे, चड्डी नव्हे." पण ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी, म्हणजे मी, बकुळा आणि अस्मिता, हॉस्पिटलात. बकुळेने रिपोर्ट टेबलावर ठेवला, शेजारी टेप ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर, हे आल्टरला घ्या."

डॉक्टरबाईंना काही कळेना. मी कारखान्याचं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. मग त्यांनी कागद घेतला, लिंबाएवढा गोल काढला आणि त्याच्या कडेने पेन फिरवलं.

"आम्ही काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या काठाला शाई लावतो," त्या म्हणाल्या. "मग आत चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कॅन्सर शाईपर्यंत पोचला असेल, तर तो आत उरला असण्याची भीती. मग मी स्वतः तुम्हाला परत टेबलावर घेतलं असतं. तुमचा शाईपासून लांब आहे. तीन मिलिमीटर चांगलं आहे. तुमचं कापड ओढलं जातं म्हणून उसवतं, हे ओढलं जात नाही."

"म्हणजे काठावर खडूची खूण करता तसं," बकुळा जरा नरमली. "बरं. मग परत येणार नाही ना? तसं लिहून द्या."

"लिहून कोणीच देणार नाही."

"का?"

डॉक्टरबाईंनी एकेक गोष्ट सांगितली. काठ स्वच्छ नसला तर त्याच छातीत परत यायची भीती जास्त. बाई अगदी तरुण, पस्तिशीच्या आतली असली तर जास्त. गाठ मोठी असली, तापट जातीची असली, काखेत पसरली असली तरी जास्त. बकुळेच्या बाबतीत ह्यातलं बरंचसं बरं होतं. "पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत," त्या म्हणाल्या. "तुमची गाठ अंगातल्या हार्मोनवर वाढणारी आहे, म्हणून पाच वर्षं रोज एक गोळी. आणि त्याच्या आधी सहा आठवडे शेक, सोमवार ते शुक्रवार. डोळ्याला न दिसणारं काही उरलं असेल तर ते शेकाने मरतं. शेक घेतले, तर पुढच्या कित्येक वर्षांत शंभरातल्या दहा-पंधराजणींना त्याच जागी परत येतं. न घेतले, तर त्याच्या दुप्पट-तिप्पट जणींना."

शेक म्हणजे ती किरणांची मशीन. गोळीला बकुळा लगेच हो म्हणाली. शेकाला मात्र मान हलली नाही.

घरी येईपर्यंत तिने स्वतःशी निकाल लावून टाकला होता. काठ स्वच्छ, काख स्वच्छ. पास. "पास झालेल्या मालाला परत हात लावायचा नसतो," ती म्हणाली. "उगाच खालीपिली सहा आठवडे भाजून घ्यायचं. गल्लीतली ती वृंदाबाई सांगत होती, कातडी काळी पडते."

"वृंदाबाईला काय कळतं? तिला स्वतःचा गॅस बंद केलाय का ते कळत नाही," मी म्हणाले.

राजरत्नने समजावलं. अस्मिता रडली. सासूबाईंनी जेवण सोडायची धमकी दिली आणि दुपारी जेवल्या. बकुळा जागची हलली नाही. पहिल्या शेकाची तारीख जानेवारीतली होती, आणि त्याच्या आधीच्या सोमवारी ही बाई डबा घेऊन कारखान्यात जाऊन चेकिंगच्या टेबलावर उभी राहिली. खरं सांगू? ती घाबरली होती. माझ्याशी नजर मिळवत नव्हती. आणि घाबरलेली बकुळा हट्टी बकुळेपेक्षा दहापट हट्टी असते.

मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. दुप्पट-तिप्पट. ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मशीनवर बसले, दोन पँटींना उलटे खिसे लावले. तिसऱ्या पँटीला माझं डोकं फिरलं. मी उठले. धुलाईला जाण्यासाठी बांधून ठेवलेलं कडक बंडल उचललं आणि नेऊन तिच्या टेबलावर आपटलं.

"लाव नंबर," मी म्हणाले.

तिने एक पँट उलटीपालटी केली. "अक्का, हा बिनधुलाईचा माल आहे."

"माहीत आहे. शिलाई बघ. चांगली आहे की नाही?"

तिने बघितली. ते बंडल मी आदल्या आठवड्यात जिवाचं रान करून शिवलं होतं. "चांगली आहे."

"काठाला कापड भरपूर आहे?"

"आहे."

"मग लाव सात नंबर."

"डोकं फिरलंय का तुमचं? धुलाई झाल्याशिवाय मी नंबर लावते का? वरून चांगलं दिसतं, आत काय कच्चं राहिलंय ते धुलाईत..."

आणि ती थांबली.

सगळ्या मशिनी थांबल्या होत्या. हरेशसेठ कॅबिनच्या दारात चहाचा कप घेऊन उभा. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर गप्प बसले, ह्याचा मला आजही अभिमान आहे.

बकुळेने ती पँट नीट घडी घातली, बंडलात ठेवली आणि बंडल परत माझ्या हातात दिलं. मग टेबलाच्या कडेला धरून ती हमसून हमसून रडली. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा रडली नव्हती. "मला भीती वाटते, अक्का," ती म्हणाली. "त्या मशीनखाली एकटीने पडायचं."

"एकटी कशाने? दाराबाहेर मी बसते रोज."

सेठने नाक ओढलं. म्हणाला, "छह हफ्ते दोनों की छुट्टी. पर तुलसीबाई, तुम वापस आना मत भूलना, इसके बिना चल जाएगा, सिलाई के बिना नहीं चलेगा." तो बकुळेला चिडवायला तसं म्हणाला, हे मला माहीत आहे. पण ते वाक्य मी जपून ठेवलंय.

शेकाचे सहा आठवडे आम्ही दोघींनी मजेत घालवले म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. पण घालवले. शेक पाच मिनिटांचा, वाट बघणं दोन तासांचं. तिथल्या बाकावर आमची टोळी जमली. बदलापूरच्या कमळाबाई घरची लसणाची चटणी आणायच्या, मी भाकरी न्यायची. बकुळा सगळ्यांच्या ब्लाउजची शिलाई तपासायची आणि कोणाच्या शिंप्याने फसवलंय ते तोंडावर सांगायची. चौथ्या आठवड्यात तिची कातडी लाल झाली, मग काळसर. थकायची, येताना रिक्षात माझ्या खांद्यावर झोपायची. डॉक्टरबाईंनी मलम दिलं, उतरलं हळूहळू. शेवटच्या दिवशी आम्ही अख्ख्या बाकाला जिलबी वाटली.

मग ब्लाउजची गंमत. डावी बाजू जरा लहान झाली होती, जुने ब्लाउज नीट बसेनात. मी म्हटलं मी शिवते. आतून अस्तराची एक घडी जास्तीची घातली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. पहिला तिने परत टाकला. दुसरा परत टाकला. तिसरा घालून आरशासमोर उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाली, "चालतंय." एवढंच. माझा हात शिवशिवला, पण आजारी माणूस म्हणून सोडून दिलं.

पाच वर्षं गोळी. रोज सकाळी चहाबरोबर. तिला एकदम घाम फुटायचा, कानशिलं तापायची, गोळीनेच तसं होतं म्हणे. मी वर्तमानपत्राने वारा घालायची आणि ती म्हणायची, "जरा जोरात." वर्षातून एकदा छातीचा फोटो काढायचा. फोटोच्या आधीचा आठवडा घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. रिपोर्ट चांगला आला की अंबरनाथ स्टेशनबाहेरून वडापाव, माणशी दोन. अस्मिता बारावी झाली, बी.कॉम. झाली, नोकरीला लागली. बकुळा मात्र तीच. प्रत्येक वर्षी डॉक्टरबाईंना विचारायची, "आता तरी लिहून देता का?" आणि त्या प्रत्येक वर्षी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी या."

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत गोळ्या संपल्या. पाचव्या वर्षाचा फोटो एप्रिलच्या सुरुवातीला, भीमजयंती जवळ आली तेव्हा. रिपोर्ट सोमवारी मिळायचा होता. आणि शनिवारी कारखान्यात टेम्पो आला.

दिल्लीच्या व्यापाऱ्याने चाळीस पँटी परत पाठवल्या होत्या. मागची शिलाई उसवलेली. सेठने एक पँट उलटी केली आणि पटकन तशीच खाली ठेवली. पण बकुळेने बघितलं होतं. पिवळा स्टिकर. सात नंबर.

शिलाई मी ओळखली. माझीच. दिवाळीच्या गडबडीतलं बंडल, तेव्हा माझी मशीन टाके सोडत होती आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या नंबरला डाग लागला तो माझ्यामुळे, आणि तोही कधी, तर सोमवारी रिपोर्ट असताना! मला वाटलं, ही आता कोसळणार. शकुन-अपशकुन आम्ही मानत नाही, पण त्या क्षणी मी मानले.

"बकुळे, हे माझं आहे," मी म्हणाले. "मशीन टाके सोडत होती. मी बोलले नाही."

ती पँट हातात घेऊन उभी होती. उसवलेल्या जागेत तिने बोट घातलं, इकडून तिकडे फिरवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मी पुढे धावले. बघते तर बाई हसतेय! चेकिंगच्या टेबलावर उभी राहून, अठरा वर्षांत पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय.

"आला की हो परत!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी ह्याला घाबरत होते. एवढंसं आहे हे? अक्का, कापड चांगलं आहे. उसवू, नीट शिवू, परत पाठवू. फेकून थोडंच द्यायचंय?"

तिने पदर कमरेला खोचला आणि स्वतः धागे काढायला बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी चाळीस पँटी नव्याने शिवल्या. धुलाई करून आणल्या. तिने एकेक तपासली. सात नंबर लावला. दोन पँटी मला परत टाकल्या, ते सांगायलाच हवं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी फोटो उजेडासमोर धरला, रिपोर्ट वाचला, तपासलं आणि म्हणाल्या, "छान आहे. सगळं स्वच्छ." अस्मिताने मला मिठी मारली, मी डॉक्टरबाईंना मिठी मारली, त्या बिचाऱ्या दबूनच गेल्या. मग त्या बकुळेकडे वळून वाट बघत राहिल्या. ती काही विचारेना.

"आज लिहून मागत नाही?" त्यांनीच विचारलं.

"नको," बकुळा म्हणाली. "पुढच्या वर्षी येते. आणि आलाच माल परत, तर तुम्ही आहातच. बघू तेव्हा काय करायचं ते."

"करता येतं बरंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लवकर सापडलं तर नक्कीच."

"सापडेल. माझी बोटं आहेत." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चला अक्का, वडापाव."

अंबरनाथला उतरलो तर गल्लीत जयंतीची तयारी. निळे झेंडे लागत होते, पोरं माळा बांधत होती. मी पुढे चालत होते, मागे ह्या दोघी, आणि मागून खुसुखुसू हसणं. वृंदाबाई दारात उभी, तीपण हसली. मंडपवाले हसले. मला वाटलं, आनंदाचा दिवस आहे, हसतात लोक. घरी पोचले, सासूबाईंना रिपोर्ट सांगितला. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे काय गं चिकटलंय?"

पिवळा गोल स्टिकर. सात नंबर.

मी बकुळेकडे बघितलं. ती चहाचं आधण ठेवत होती, पाठ करून. अठरा वर्षं ज्या बाईने माझ्या चहापासून बाहीपर्यंत सगळं परत टाकलं, ती बाई!

मी सासूबाईंना तो स्टिकर परत पाठीवर लावायला सांगितला. पदर घट्ट खांद्यावर ओढून घेतला, पाठ सगळ्यांना दिसेल असा. आणि झेंड्यांखालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, सावकाश परत आले.